कुकरच्या रिंगचं वाण

मला नवा कुकर हवा होता. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं, म्हणून आधी तेच सांगून टाकते.

आम्ही तेव्हा जयपूरला मानसरोवरात राहत होतो. दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं असतील. आमचे हे रेल्वेत, नकाशे काढायच्या विभागात. बदली होऊन आलो त्याला तप उलटलं होतं, दुसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट झाला होता, मुलगा बाहेरगावी शिकत होता आणि मी पन्नाशीला टेकले होते. कुणी 'काकू' म्हटलं की मी दिवसभर आरशाशी भांडत असे. म्हणून सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं, मला ताई म्हणायचं. सगळ्या म्हणायच्याही. बिचाऱ्या.

आमचा कुकर लग्नातला. कुठल्याशा छोट्या कारखान्यात झालेला, जाड बुडाचा, झाकणाला एका बाजूने पोचा आलेला. तो मरतच नव्हता. दांडा तुटला, ह्यांनी नवा बसवला. शिट्टी गेली, शिट्टी आणली. सेफ्टी व्हॉल्व उडाला तेव्हा छताला भाताची शितं चिकटली. मला वाटलं, सुटलो एकदाचे. तर हे संध्याकाळी खिशातून नवा व्हॉल्व काढून हजर. बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात ह्यांचे स्क्रू, वायसर आणि स्प्रिंगा असायच्या. सोन्याचा डबा मी कधी इतका जपला नाही.

"अहो, लोक दरवर्षी नवीन घेतात," मी म्हणायची.

"लोकांचं दरवर्षी मोडत असेल."

संपलं बोलणं.

समोरच्या फ्लॅटमधल्या, सतत चढाओढ करणाऱ्या बाईने दिवाळीला नवा कुकर आणला. काळा कुळकुळीत, पोट सुटलेला. शिट्टीसुद्धा अशी मंजुळ वाजायची की जणू आत डाळ नाही, कुणी पाहुणा बसलाय. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. आणि मग देव पावला. आमच्या कुकरची रिंग सैल पडली. झाकणाच्या आतली रबराची गोल रिंग हो. ती गेली की वाफ धरत नाही, वरण तासभर नुसतं पोहत बसतं.

"ही रिंग सगळ्या जयपुरात मिळत नाही," मी ह्यांना जाहीर केलं. सगळ्या जयपुरात म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात. तिथे मी डांबरगोळ्या आणायला गेले होते आणि पायरी उतरता उतरता विचारलं होतं. पण हे सरळ माणूस. तीन रविवार स्कूटर काढून चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात गेले, जुन्या बाजारातली भांड्यांची दुकानं पालथी घातली. कारखाना कधीच बंद पडला होता. रिंगचा आकारही वेगळा, दुसरी बसेना. तिसऱ्या रविवारी हे पंख्याखाली बसून म्हणाले, "संक्रांत होऊ दे. मग बघू नवा."

ह्यांचं 'बघू' म्हणजे काय ते मला माहीत होतं. जिंकले होते मी. आणि इथे ती येते.

ती म्हणजे रेल्वे कॉलनीतली एक फिटरची बायको. भुसावळकडची, पस्तिशीची. नवऱ्याच्या बदलीमुळे दोन वर्षांपूर्वी आलेली. आमचा मराठी बायकांचा गोतावळा अठरा-वीस जणींचा. रेल्वेतल्या, दोघी-तिघी लष्करातल्या. पाडव्याला जमायचं, गणपतीत जमायचं आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आळीपाळीने एकमेकींच्या घरी हळदीकुंकू. स्टेशनजवळून दोन बस बदलून ती यायची, आठ वर्षांच्या मुलीला हाताशी धरून. मुलीला मराठी कानावर पडावं म्हणून. ती पोर "आई, मतलब आता आपण जायचं?" असं बोलायची आणि आम्ही हसायचो.

तिच्या बापाचं भुसावळला स्टोव्ह-कुकर दुरुस्तीचं दुकान होतं. हे तिने पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगितलं. मी असते तर 'भांड्यांचा व्यवसाय' म्हटलं असतं.

त्या डिसेंबरात ती आमच्याकडे सहज म्हणून आली. स्वयंपाकघरात शिरली, कुकर उचलला, झाकण उलटं करून पाहिलं. "हा किती लिटरचा, ताई? रिंग गेली वाटतं." मग मिक्सरचं भांडं पाहिलं. मी मनात म्हटलं, काय भोचक बाई आहे. नंतर कळलं, ती सगळ्यांच्याच घरी अशी जाऊन आली होती.

आता वाणाबद्दल. हळदीकुंकवाला बायकांना काहीतरी वस्तू लुटायची, तिला वाण म्हणायचं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्यात त्याची चुरस असायची. कुणी प्लास्टिकच्या वाट्या, कुणी साबणाच्या डब्या, कुणी चहाची गाळणी. मी त्या वर्षी सगळ्यांना गार करायचं ठरवलं. एका प्रदर्शनातून सेलवर चालणाऱ्या ताक घुसळायच्या रव्या आणल्या. गुलाबी रंगाच्या, बटण दाबलं की भुर्र. माझ्या हळदीकुंकवाला एकीने तिथल्या तिथे चालवून पाहिली आणि मठ्ठ्याचे शिंतोडे लष्करातल्या बाईंच्या पैठणीवर गेले. केवढं कौतुक झालं! फाल्गुन लागायच्या आत वीसच्या वीस रव्या बंद पडल्या. आत उघडून बघायची सोयच नव्हती, चिकटवून टाकलेल्या. पण त्याबद्दल मला कुणी चकार शब्द बोललं नाही. मी ताई होते ना.

माझ्या हळदीकुंकवानंतर चार दिवसांनी तिच्याकडे हळदीकुंकू. दोन खोल्यांचं क्वार्टर, जमिनीवर सतरंजी. बाहेर कॉलनीच्या गच्च्यांवर अजून पतंग चालू होते, मधूनच "वो काटा!" अशी आरोळी उठायची. तिने सगळ्यांना तिळगूळ दिला, अत्तर लावलं आणि एकेकीच्या हातात बांधणीच्या कापडाची छोटी पोटली ठेवली. प्रत्येक पोटलीला चिठ्ठी, नाव लिहिलेली.

आम्ही उघडून पाहिलं. एकीच्या पोटलीत मिक्सरच्या भांड्याखालचं रबर. एकीला पाण्याच्या फिल्टरचा वायसर. एकीला इस्त्रीच्या वायरचं टोपण. लष्करातल्या बाईंना कुकरची शिट्टी. प्रत्येकीला तिच्या घरात जे अडलं होतं नेमकं तेच, तिच्या मापाचं, तिच्या कंपनीचं. डिसेंबरात घरोघर फिरली ती ह्याच्यासाठी.

आणि माझ्या पोटलीत रिंग.

"ताई, तुमचीच मिळायला लई त्रास झाला," ती माझ्याजवळ बसत म्हणाली. चेहरा असा फुललेला. "बाबांनी जुना माल काढून पाहिला. मग एका गार्डसाहेबांच्या हाती पाठवली. बसून राहील पाहा बरोबर."

मी ती रिंग हातात धरली आणि मला काळा कुकर डोळ्यांसमोरून चालत जाताना दिसला. कुणी माझ्यासाठी एवढं केलंय, हे मनात यायला हवं होतं की नाही? मी काय केलं सांगते. रिंग बांगडीसारखी मनगटात चढवली, हात वर करून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "बायांनो, सौभाग्याचं लेणं बघा! पुढच्या वर्षी सायकलच्या ट्यूब आणि त्याच्या पुढच्या वर्षी पंक्चरचं सोल्यूशन!"

हशा पिकला. माझ्या बोलण्यावर पिकायचाच. ती पण हसली, पण जरा उशिरा. "काय ताई तुम्ही," म्हणाली आणि चहा आणायला आत गेली.

एवढ्यावर थांबले असते तर आज हे लिहायला बसले नसते.

घरी आल्यावर हे पोटली बघून इतके हरखले की विचारू नका. "अरे वा! कुठे मिळाली हिला? उद्या सकाळी बसवू." आणि रिंग ओट्यावर ठेवून अंघोळीला गेले. नळाचा आवाज सुरू झाला. मी ड्रॉवरमधून कात्री काढली. दुधाच्या पिशव्या कापायची. रिंग नवीन, घट्ट. दोनदा दाबावं लागलं. आरपार नाही कापली, अर्ध्यापर्यंत कापली, म्हणजे आपोआप गेल्यासारखी दिसेल. किती हुशार बाई!  वर मी गुणगुणत होते.

"अगं, ही फाटलीय," हे सकाळी म्हणाले.

"हो का? बघू. अय्या, खरंच की."

ह्यांनी रिंग उलटसुलट केली. "बाई तर व्यवस्थित वाटते. फाटकी कशी दिली?" असं म्हणून ठेवून दिली. रविवारी आम्ही चारदीवारीत जाऊन काळा कुकर घेतला. जुना द्या, नवा घ्या अशी योजना होती. दुकानदाराने आमचा कुकर हातात तोलला आणि बिनबोभाट मागे नेऊन ठेवला. महिन्याभराने मी त्या गल्लीत गेले तर त्याच्या दुकानात आतल्या बाजूला आमच्याच कुकरमध्ये बटाटे उकडत होते. पोचा ओळखला मी. त्याने दुसऱ्या कुठल्या रिंगला तासून-बिसून बसवलं असणार. मी तोंड फिरवून पुढे गेले, जणू सोडलेला नवरा दिसलाय.

कुकर घ्यायच्या आधी, मधल्या आठवड्यात दुसऱ्या एकीकडे हळदीकुंकू होतं. फिटरची बायको त्या दिवशी आली नव्हती, मुलीला ताप होता. बायकांत वाणांच्या गप्पा निघाल्या. कुणीतरी विचारलं, "ताई, तुमची बांगडी बसली का हो कुकरला?"

आता इथे मी 'बसली' म्हणून मोकळी होऊ शकत होते. नवीन कुकरचं पुढे काहीही सांगता आलं असतं. पण चारजणी माझ्याकडे बघत होत्या, हसायला तयार.

"कसली बसतेय! फाटकी निघाली. फाटकं वाण दिलं बाई आम्हाला."

हशा तर पिकलाच. पण हशा संपल्यावर एक म्हातारी बाई गंभीरपणे म्हणाली, "फाटकं वाण देऊ नये गं. सवाष्णीला तर नाहीच." मग दुसरी म्हणाली की तिने ते मिक्सरचं रबर लावलंच नाहीये अजून, जुनंबिनं असेल. तिसरी म्हणाली, "बापाच्या दुकानातला पडीक माल असणार, दुसरं काय." मी लाडू खाल्ला. चांगला होता लाडू.

दहा-बारा दिवसांनी दुपारी ती माझ्या दारात. एकटीच. पाणी दिलं तर नको म्हणाली.

"ताई, रिंग फाटकी निघाली म्हणे. दाखवता का?"

मी किती मूर्ख असावं? कापलेली रिंग ह्यांच्या डब्यात तशीच होती; हे काही टाकत नसत. मी ऐटीत काढून दिली. घे, तूच बघ.

ती खिडकीपाशी गेली. रिंग दोन्ही हातांनी ताणली, फट उघडली, नख फिरवलं. स्टोव्हवाल्याची मुलगी ती. लहानपणापासून हजार रबरं फाटलेली पाहिली असतील. जुनं रबर आधी भेगाळतं, फाटताना कड दातेरी होते. ही कड आरशासारखी गुळगुळीत होती. आणि जिथे कात्री दुसऱ्यांदा दाबली तिथे एक बारीक पायरी. ती पायरी मलाही तेव्हा पहिल्यांदाच दिसली.

मग तिची नजर ओट्यावर गेली. काळा कुकर.

ती ओरडेल असं मला वाटलं. मी उत्तरंही तयार ठेवली होती, सगळी उद्धट. तिने रिंग ओट्यावर ठेवली. मग अगदी हळू म्हणाली, "ताई, मला सांगायचं ना. नवा पाहिजे म्हणून. मीच साहेबांना सांगितलं असतं, हा कुकर आता धोक्याचा आहे, वापरू नका. माझं ऐकलं असतं त्यांनी."

मी उगाच ओट्यावरच्या फडक्याची घडी घालायला घेतली. 

"बाबांकडे ती एकच होती," ती म्हणाली. "जाऊ द्या. पण माझ्या पोरीला आपल्या बायकांच्या पोरी 'फाटकं वाण' म्हणून चिडवून राहिल्या. मला विचारते, आई, फाटकं मतलब क्या? ताई, मला ह्या गावात मराठी बोलायला तेवढ्याच बायका आहेत. मी कुणाला काही सांगणार नाही. तुम्हीच एवढं सांगा, की वाण फाटकं नव्हतं. कापलं कुणी ते नका सांगू. नुसतं, फाटकं नव्हतं."

"सांगते," मी म्हणाले. "पाडव्याला सांगते. सगळ्यांसमोर."

पाडव्याला सगळ्या जमलो. ती आली होती. मुलीला नवीन परकर-पोलकं शिवलं होतं, गोट्याची चकचकीत किनार लावलेलं. श्रीखंड वाढेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. जेवणं झाल्यावर बघत होती. मी तिच्याकडे सोडून सगळीकडे बघत होते. दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा उन्हाळ्यावर बोलले, दुसऱ्यांदा श्रीखंडावर. निघताना तिने मुलीच्या पायात चप्पल घातली, मला वाकून नमस्कार केला, कारण मोठी होते, आणि म्हणाली, "येते, काकू."

त्यानंतर ती आमच्यात आली नाही. गणपतीला नाही, कोजागिरीला नाही. कुणी फार विचारलंही नाही.

काळ्या कुकरचा दांडा तोवर तडकला होता. मी दुकानात गेले. "मैडम, इस मॉडल का पार्ट नहीं आता. नया ले लीजिए," दुकानदार म्हणाला. मी दांड्याला सुतळी गुंडाळून तोच कुकर वापरला. हे सगळं बघत होते, एकदाही टोमणा मारला नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकू माझ्याकडेच होतं. मी ठरवलं होतं, आज नाही तर कधीच नाही. सगळ्या आल्या. कुंकू लावून झालं. मी मधोमध उभी राहिले आणि म्हणाले, "एक सांगायचंय. गेल्या वर्षी ते वाण फाटकं नव्हतं. मला नवा कुकर हवा होता, म्हणून मीच रिंग कात्रीने कापली."

 आणि मग ज्या हसल्या! पदर तोंडाला लावून, एकमेकींच्या अंगावर पडून. "ताई, तुम्ही पण ना!" "अहो, कुठून सुचतं तुम्हाला!" "साहेब अंघोळीला गेल्यावर कापली असेल, हो ना?" मी म्हटलं, "हो, अंघोळीलाच गेले होते." आणखी हशा. मी ओरडून म्हटलं, "अगं खरंच सांगतेय!" तर लष्करातल्या बाईंना ठसका लागला. ती म्हातारी बाई तेवढी हसली नाही, ती म्हणाली, "बाई गं, तिच्या चुकीवर पांघरूण घालतेस. मोठं मन तुझं."

दुसऱ्या दिवशी मी रेल्वे कॉलनीत गेले. तिच्या दारात कॉलनीतल्या तीन-चार बायका बसल्या होत्या, राजस्थानी, एक बंगाली. समोर कुणाचा स्टोव्ह उघडलेला, आणि ही हिंदीत समजावत होती, तिच्या भुसावळी हिंदीत, की वायसर असा नाही, असा. मला बघून उठली. हात पुसले. आत नेऊन बसवलं, हळदीकुंकू लावलं, चहा केला. मुलगी शेजारच्या मुलींबरोबर हिंदीत भांडत बाहेर पळाली.

मी सगळं सांगितलं. सांगितलं म्हणून, आणि त्या हसल्या म्हणून.

"तुम्ही कसं सांगितलं?" तिने विचारलं.

मी सांगून दाखवलं. कशी उभी राहिले, काय म्हणाले. आणि काय सांगू, सांगता सांगता माझा हात नकळत कात्रीसारखा हलला, भुवया वर गेल्या. तिलाही हसू आलं. खरंखुरं. तिने ओठ दाबले.

"असं सांगितल्यावर हसणारच ना, काकू," ती म्हणाली. "पुन्हा सांगा. न हसवता."

मी हो म्हणाले. माझे हो तुम्हाला आता माहीत आहेत. पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याची बदली झाली. कुठे, ते आमच्या गोतावळ्यातल्या कुणाला सांगता येईना, कारण कुणी विचारलंच नव्हतं. त्या बायका आता गावोगाव पांगल्या. दोघी-तिघी देवाघरी गेल्या, तिचं वाण फाटकं होतं असंच समजून. बाकीच्यांपैकी कुणी हे वाचलंच तर पुन्हा म्हणतील, ताई पण ना! आणि वर मी मठ्ठ्याचे शिंतोडे आणि सोडलेला नवरा लिहून बसलेच आहे. सवय जात नाही मेली.

म्हणून आता एकदाच, नुसतं.

भुसावळच्या त्या बाईंनी मला दिलेली रिंग नवीन होती, चांगली होती, माझ्या कुकरच्या मापाची होती. त्यांच्या वडिलांकडे ती एकच होती. ती मी कापली. मग त्या फाटकं वाण देतात असं मी सांगितलं. ते खोटं होतं. त्यांनी कुणालाही फाटकं काही दिलं नाही.